ठाण्याची हद्द आणि खाकीची ओळख

लोहमार्ग पोलिसांच्या पंचनाम्यात गल्लीचं किंवा नाक्याचं नाव क्वचितच सापडतं. तिथे असतो खांबाचा नंबर. रुळांच्या कडेला विजेच्या तारा पेलणारे जे खांब उभे असतात, त्यांवर किलोमीटरचा आणि त्या किलोमीटरमधल्या खांबाचा आकडा रंगवलेला असतो. चर्चगेटपासून साधारण 56 किलोमीटरवर नालासोपारा येतं. गर्दीच्या गाडीतून कुणी पडलं, रूळ ओलांडताना कुणी सापडलं, की स्ट्रेचर घेऊन हमाल निघतात, सोबत लोहमार्ग पोलिसांचा शिपाई. त्याच्या कागदावर आधी लिहिलं जातं ते हेच: अप की डाउन, जलद की धिमा मार्ग, कुठल्या दोन खांबांच्या मध्ये. माणसाचं नाव बऱ्याचदा नंतर कळतं.

त्या खांबांपासून हाकेच्या अंतरावर पूर्वेला तुळिंजची वस्ती सुरू होते. रेल्वेच्या हद्दीत घडलेला मृत्यू वसई रोड लोहमार्ग पोलीस ठाण्याच्या दप्तरात जातो. कुंपणापलीकडे, रस्त्यावर घडलेला मृत्यू शहर पोलिसांकडे. दोन्हीकडचे पोलीस महाराष्ट्र पोलीस दलाचेच, दोघांचं ब्रीदही एकच, ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. पण डायरी वेगळी, साहेब वेगळे, आयुक्तालयं वेगळी. एकाच राज्याच्या एकाच खात्यातली ही रेघ सामान्य माणसाला डोळ्यांनी कधी दिसत नाही. ती कळते नेमकी तेव्हा, जेव्हा तो हादरलेला असतो आणि समोरून विचारलं जातं, ‘कुठे घडलं? आमच्या हद्दीत का?’

सकाळी आठच्या सुमाराला नालासोपारा पूर्वेला उभं राहिलं, तर पंधरा मिनिटांत चार-पाच प्रकारचे गणवेश नजरेला पडतात. फलाटावर रेल्वे सुरक्षा बलाचा जवान असतो. हे बल केंद्राचं, 1957च्या कायद्याने उभं केलेलं. रेल्वेची मालमत्ता चोरीला गेली तर 1966च्या कायद्याखाली हे बल स्वतः खटला चालवू शकतं. पण डब्यात तुमचा मोबाइल मारला, तर चोराला पकडूनही त्याला पुढे लोहमार्ग पोलिसांच्या हवाली करावं लागतं. लोहमार्ग पोलीस राज्याचे, कारण राज्यघटनेच्या राज्यसूचीत ‘पोलीस’ या नोंदीतच रेल्वे पोलीस आणि ग्राम पोलीस यांचा समावेश आहे. त्यांचा खर्च मात्र राज्य आणि रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात. जिना उतरून रिक्षांच्या रांगेपाशी आलात, की वाहतूक पोलीस. त्यापुढे तुळिंज पोलीस ठाण्याची बीट. आणखी पूर्वेला महामार्ग ओलांडला, की तुंगारेश्वरच्या अभयारण्यात वनरक्षकाची खाकी. गावठी दारूच्या भट्टीवर राज्य उत्पादन शुल्क विभागही धाड घालतो आणि पोलीसही. तक्रारदाराच्या दृष्टीने हे सगळे ‘पोलीस’च, आणि त्याने तसं मानण्यात काहीही चूक नाही.

तुळिंजचं नाव या विषयात घ्यायचं कारण असं, की या भागाने हद्दी बदलताना जवळून पाहिल्या आहेत. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. त्याआधी इथले लोक ठाणे ग्रामीण पोलिसांच्या कारभाराखाली होते. मग पालघरच्या पोलीस अधीक्षकांकडे आले. 1 ऑक्टोबर 2020 ला मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि सदानंद दाते पहिले आयुक्त झाले. सहा वर्षांत ठाण्याच्या पाटीवरची वरची ओळ दोनदा बदलली.

पाटी बदलली म्हणजे नेमकं काय बदलतं? वरून पाहिलं तर काहीच नाही. तोच हवालदार, तोच टेबल, तीच स्टेशन डायरी. पण अधिकार सरकतात. ग्रामीण जिल्ह्यात एखाद्या गुंडाला तडीपार करायचं तर पोलीस प्रस्ताव पाठवतात आणि निर्णय प्रांताधिकारी घेतात. आयुक्तालयात तोच आदेश पोलीस उपायुक्त काढू शकतात, कारण दंडाधिकाऱ्यांचे काही अधिकार आयुक्तालयाच्या हातात आलेले असतात. पकडणारं आणि हद्दपार करणारं खातं एकच होतं. कारवाईचा वेग वाढतो, तसं त्या अधिकाऱ्यावरचं ओझंही वाढतं, आणि त्याच्यावर लक्ष ठेवण्याची गरजही. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. या आयुक्तालयाची हद्द दोन जिल्ह्यांत पसरलेली आहे. मिरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, वसई-विरार पालघर जिल्ह्यात. आयुक्त एक, जिल्हाधिकारी दोन, महापालिकाही दोन. वसई-विरार महापालिकाच मुळी 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून झाली. या पट्ट्यात महसुलाची, पालिकेची, पोलिसांची आणि रेल्वेची हद्द एकमेकांवर नीट बसतच नाही.

याच गुंतागुंतीत एक कागद तुळिंज पोलीस ठाण्यात आला. तारीख 23 नोव्हेंबर 2020. आयुक्तालय सुरू होऊन 53 दिवस झाले होते. श्रद्धा वालकर या तरुणीने आपल्या जोडीदाराविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. तो मारहाण करतो, गळा दाबण्याचा प्रयत्न केला, मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असा मजकूर होता. 19 डिसेंबरला तिनेच तक्रार मागे घेतली, आता भांडण राहिलं नाही असं लिहून दिलं. पुढे ती दोघं दिल्लीला गेली. ऑक्टोबर 2022 मध्ये तिच्या वडिलांनी वसईतल्याच माणिकपूर पोलीस ठाण्याचा दरवाजा ठोठावला, कारण मुलीशी कुणाचाच संपर्क राहिला नव्हता. माणिकपूरच्या पोलिसांनी चौकशी केली आणि माग दिल्लीकडे गेला. नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या मेहरौली पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि जोडीदाराला अटक झाली. मे 2022 मध्येच तिचा खून झाला, असा पोलिसांचा आरोप आहे. ते तुळिंजचं पत्र अटकेनंतर सर्वांसमोर आलं आणि राज्याच्या गृहमंत्र्यांनाही त्या पत्रावर चौकशी करण्याचं आश्वासन द्यावं लागलं.

मी या घटनाक्रमाकडे परत परत वळतो, कारण इथे ‘आमच्या हद्दीत नाही’ असं म्हटल्याची तक्रार नाही. तुळिंजने अर्ज घेतला होता. माणिकपूरनेही तपास पुढे नेला. तरीही एका मुलीच्या आयुष्याचे दोन कागद एकाच आयुक्तालयातल्या दोन ठाण्यांमध्ये होते आणि तिसरा दूर दिल्लीत तयार झाला. गुन्हा म्हणून नोंद झाली, तर एफआयआरची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे जाते, कागदाला ठाण्याबाहेर एक साक्षीदार मिळतो. तक्रारअर्ज मात्र चौकशी करून ‘निकाली’ निघतो आणि त्याच ठाण्याच्या फायलीत राहतो. तक्रारदाराने मागे घेतला की फाइल बंद. घाबरलेली बाई तक्रार का मागे घेते, हे विचारायला पुढे कुणी येत नाही. हद्दीचा प्रश्न नकाशाइतकाच त्या फायलींच्या कपाटाचाही आहे, हे मला इथे कळलं.

आता कायदा काय सांगतो ते पाहू, कारण तो या बाबतीत लोकांच्या समजुतीपेक्षा पुष्कळ पुढे आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र असेल तर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. याला पोलीस ‘शून्य नंबरने गुन्हा दाखल करणं’ म्हणतात: ठाण्याच्या क्रमांकाऐवजी शून्य घालून नोंद करायची आणि मग ज्याची हद्द त्याच्याकडे तो ‘वर्ग’ करायचा. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या अत्याचारानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने यावर जोर दिला. 2013 मध्ये केंद्राने राज्यांना तशा सूचना दिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक ठरवलं. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, गुन्हा कुठल्याही क्षेत्रात घडलेला असला तरी माहिती नोंदवावी, हे स्पष्ट शब्दांत आलं. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. तक्रार ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. नकार मिळाला तर मजकूर टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येतो, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

रेल्वेला ही सवय फार जुनी आहे, हे मला विशेष सांगावंसं वाटतं. धावत्या गाडीत चोरी झाली तर ती कुठल्या स्टेशनच्या दरम्यान झाली हे प्रवाशाला कसं कळणार? झोपेतून उठला तेव्हा बॅग नव्हती, एवढंच त्याला माहीत. म्हणून प्रवासात घडलेल्या गुन्ह्याचा खटला त्या प्रवासाच्या वाटेवरच्या कुठल्याही न्यायालयात चालवता येतो, अशी तरतूद फौजदारी कायद्यात आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांत तिकीट तपासनीस आणि गार्ड यांच्याकडे एफआयआरचे छापील फॉर्म ठेवण्याची पद्धतही आहे. प्रवाशाने भरून दिला की पुढच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात तो नोंदवायचा. प्रवास थांबवून उतरायची गरज नाही. रुळांवरच्या पोलिसांना जे उमजलं होतं, ते रस्त्यावरच्या ठाण्यांपर्यंत यायला एवढी वर्षं लागली.

मग अडतं कुठे? पोलीस अधिकाऱ्यांशी बोलताना दोन कारणं पुढे येतात. पहिलं मनुष्यबळ. नालासोपारा पूर्वेसारख्या दाट वस्तीत ठाण्यातल्या तपासी अंमलदारांच्या टेबलावर आधीच प्रकरणांचा ढीग असतो. परक्या हद्दीचा गुन्हा घ्यायचा म्हणजे पंचनामा, जबाब, वर्ग करण्याचा पत्रव्यवहार. दुसरं कारण जास्त खोल आहे. ठाण्याच्या नावावर जितके गुन्हे, तितकी ती हद्द ‘वाईट’ दिसते. महिन्याच्या बैठकीत आकडे वाचले जातात आणि कमी आकडा असलेला अधिकारी कर्तबगार ठरतो. ज्या अधिकाऱ्याने लोकांचं ऐकून घेऊन प्रत्येक तक्रार नोंदवली, त्याचा आकडा वाढतो. हे मोजमाप उलटं आहे आणि ते बदलल्याशिवाय कलम 173 कागदावरच जास्त चालेल, असं माझं ठाम मत आहे.

पोलिसांच्या मनातली ओळखही या मोजमापातून घडते. शिपाई स्वतःची ओळख सांगताना ‘महाराष्ट्र पोलीस’ असं क्वचित म्हणतो. तो म्हणतो, ‘मी तुळिंजला आहे’, ‘मी रेल्वेला आहे’, ‘मी क्राइमला आहे’. या ओळखीत अभिमान आहे आणि तो खरा आहे. बीटवरच्या हवालदाराला कुठल्या चाळीत कोण नवीन राहायला आलं ते ठाऊक असतं, ते बाहेरच्या पथकाला कधी कळणार नाही. पण हाच अभिमान एक भिंतही उभी करतो. ही भिंत ओलांडून तपास एका हातात देण्याचा प्रयत्नही झालेला आहे. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले, 180 हून अधिक लोक गेले. सात गुन्हे वेगवेगळ्या लोहमार्ग पोलीस ठाण्यांत नोंदवले गेले आणि मग सगळे एकत्र करून दहशतवादविरोधी पथकाकडे दिले गेले. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवलं. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. तपास एका हातात आला म्हणजे तो पक्का झाला असं नाही, हेही त्या खटल्याने शिकवलं. ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली, त्यांच्या वाट्याला 19 वर्षांनीही उत्तर आलेलं नाही.

दाते यांच्यासारख्या अधिकाऱ्याची वाटचाल पाहिली, की ओळख रुंद असू शकते हे पटतं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवाद्यांशी जखमी होईपर्यंत लढणारा मुंबई पोलिसांचा अधिकारी पुढे या नव्या आयुक्तालयाचा पहिला प्रमुख झाला, मग राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचा आणि नंतर राष्ट्रीय तपास यंत्रणेचा. पाटी दरवेळी बदलली, काम तेच राहिलं. वरच्या अधिकाऱ्यांना बदल्यांमुळे हे आपोआप साधतं. ठाणे अंमलदाराच्या खुर्चीवर बसलेल्या माणसापर्यंत ते पोहोचवायचं, तर प्रशिक्षणात आणि महिन्याच्या बैठकीत त्याची किंमत दिसली पाहिजे.

एफआयआरचा छापील नमुना कधी हातात आला, तर रकाना क्रमांक पाच नीट वाचून पहा. गुन्हा घडल्याचं ठिकाण, ठाण्यापासूनची दिशा, अंतर, बीट क्रमांक आणि पत्ता. त्याच रकान्यात खाली आणखी एक ओळ छापलेली असते: ठिकाण या पोलीस ठाण्याच्या हद्दीबाहेर असल्यास त्या ठाण्याचं नाव आणि जिल्हा. हद्दीबाहेरचा माणूस दारात येणार हे फॉर्म तयार करणाऱ्याला ठाऊक होतं, आणि त्याच्यासाठी जागा त्याने आधीच सोडून ठेवली आहे.