जुनी बंदूक आणि काळी दारू

हाटकेशहून उत्तरेस गेले की वसईची खाडी लागते, आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने त्याच्या तटाखाली सुरुंग लावले. काही उडाले, तटाला खिंडार पडले, मराठे त्यात घुसले. तोच मागे राहिलेला सुरुंग उडाला आणि आपलीच माणसे प्राणास मुकली. किल्ला हाती आला, पण काळ्या दारूने आपला स्वभावही दाखवून दिला. ती उडाली नाही, म्हणजे विझली असे नव्हे.

ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची दुनळी परवान्यासह जपलेली आहे, त्यांच्यासाठी हा स्वभाव जरा उलगडून सांगावा असे आम्हांस वाटते.

काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची. कोळसा जळतो, सोरा त्याला प्राणवायू पुरवितो, आणि गंधकामुळे ती लवकर पेट घेते. तिचा कण वरून आत जळत जातो. म्हणून कण जितका बारीक, तितका दाब लवकर चढतो. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ नळ्या लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून सांधलेल्या असत. त्या या दारूच्या दाबापुरत्याच घडविलेल्या. पुढे आलेली धुराविना जळणारी नायट्रो दारू तेवढ्याच मापात कितीतरी अधिक जोराची असते. काळ्या दारूच्या मापाने ती भरली, तर नळी फुटते, आणि तीही नळीखाली धरलेल्या हातापाशी! तेव्हा नायट्रोच्या चाचणीचा ठसा नसलेल्या नळीत ती कदापि घालू नये. दोन्ही दारूंची मिसळ तर नाहीच नाही.

काडतूस भरण्याआधी जाणत्या कारागिराकडून नळी तपासून घ्यावी. आतला गंज, पोचा, सांध्याची फट वरून दिसत नाही. जुन्या बंदुकीत काडतुसाची जागाही पुष्कळदा आखूड असते. लांब काडतुसाचे तोंड तिथे नीट उघडत नाही आणि दाब वाढतो. दारू त्या बंदुकीला ठरवून दिलेल्या मापाचीच घ्यावी. चिमूटभर अधिक घालण्याचा मोह आवरावा. नमद्याची चकती दारूवर नीट टेकलेली असावी, मध्ये पोकळी नको. जवळ विडी, दिवा, शेगडी नसावी; माप तांब्यापितळेचे असावे, आणि समोर लागेल तेवढीच दारू काढून बाकीचा डबा झाकून दूर ठेवावा.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर वसईची आठवण ठेवावी. नळी निर्जन दिशेला तशीच रोखून निदान मिनिटभर थांबावे. मगच बंदूक उघडावी. नळीत डोकावणे तर सर्वथा वर्ज्य.

बार झाल्यावर उरणारी राख हवेतील ओल शोषते. खाडीकाठच्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात द्यावा.

हे सारे कायद्याच्या चौकटीत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीला आणि काडतुसांना परवाना लागतो. घरी काडतुसे भरण्याची मुभा आपणांस आहे काय, हे आधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांस विचारावे. आणि नळीविषयी तिळमात्र शंका असेल, तर बंदूक भिंतीवरच शोभते.