मधाचा मसालेदार पाव

मध म्हणजे औषधाचे अनुपान, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. तथापि धान्याच्या पिठाशी मधाची सांगड घातल्यास पौष्टिक व टिकाऊ खाद्य तयार होते. फ्रान्समधील ‘पँ देपीस’, म्हणजे मसाल्यांचा पाव, हे याचे जुने उदाहरण होय. रँस शहरात हा पाव करणाऱ्या कारागिरांच्या संघास 1596 साली राजमान्यता मिळाली. तेथे राय नावाच्या गव्हासारख्या धान्याचे पीठ वापरीत. दिजों शहरात गव्हाचे वापरतात.

हा पाव टिकतो कसा, हे समजून घेणे अगत्याचे आहे. मधातील फलशर्करा ओलावा धरून ठेवते, त्यामुळे पाव लवकर वाळत नाही. मध किंचित आम्लधर्मी असतो. सोड्याशी संयोग होऊन त्यातून वायू निर्माण होतो व पीठ फुगते. म्हणून यीस्टची गरज पडत नाही.

वऱ्हाडात हा पाव पुढीलप्रमाणे करता येईल. गव्हाचे पीठ 150 ग्रॅम, ज्वारीचे पीठ 100 ग्रॅम व खाण्याचा सोडा एक लहान चमचा एकत्र चाळावा. त्यात सुंठ, दालचिनी, बडीशेप, लवंग व जायफळ यांची पूड मिळून दोन चमचे घालावी. ज्वारीत चिकटपणा नसल्याने गव्हाचे पीठ अवश्य असावे. 250 ग्रॅम मध 150 मिलिलिटर कोमट दुधात विरघळवून पिठात मिसळावा. वरूड-मोर्शीकडील संत्र्याची साल स्वच्छ धुऊन, तिचा फक्त वरचा रंगीत भाग किसून घातल्यास स्वाद वाढतो. तूप लावलेल्या डब्यात मिश्रण ओतून 160 अंश सेल्सियस उष्णतेवर सुमारे पाऊण ते एक तास भाजावे. भट्टी नसल्यास जाड पातेल्यात वाळू तापवून तीवर डबा ठेवावा व झाकण घालावे. आच मंदच असावी, कारण मध लवकर करपतो. सुरी खुपसून ती कोरडी निघाली म्हणजे पाव तयार झाला असे समजावे.

पाव दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो. पातळ काप करून लोण्याबरोबर, चहाबरोबर अथवा तव्यावर किंचित शेकून खावा. बंद डब्यात तो आठवडाभर राहतो. मात्र एक वर्षाखालील बालकास मध वा मधाचा कोणताही पदार्थ देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. मेळघाटातील आग्या मोहोळ जाळून व पिळून काढलेल्या मधात अळ्या व परागकण येतात. पाण्याचा अंश 20 टक्क्यांहून अधिक झाल्यास मध आंबतो. शिवाय माश्या मेल्यामुळे पुढच्या वर्षाचे उत्पन्न बुडते. यास्तव मोहोळातील केवळ मधाचा भाग कापावा व अळ्यांचा भाग राखावा. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने अशा पद्धतीचे शिक्षण मध गोळा करणाऱ्यांना दिले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार मध हे गौण वनउपज आहे. ते गोळा करण्याचा हक्क व ग्रामसभेची भूमिका कार्यकर्त्यांनी लोकांस समजावून द्यावी.

मोहोळ जगले तरच मध मिळेल. गावातील महिला मंडळांनी हा पाव प्रथम थोड्या प्रमाणात करून पाहावा.