मुलं नेमकी कुठल्या राज्याची?

वडिलांची नोकरी जयपूरला, गाव सातारा जिल्ह्यात आणि मुलीला व्हायचंय डॉक्टर! अशा घरात दहावीच्या आधीच एक प्रश्न येऊन बसतो. त्याचं उत्तर वेळेवर शोधलं नाही, तर पुढे मार्क कितीही पडोत, दोन्हीकडची दारं अर्धी बंद झालेली असतात.

जयपूरच्या उत्तरेला, सीकर रोडला लागून विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र पसरलं आहे. इथले पत्ते रस्त्यांच्या नंबरांनी सांगायची पद्धत. रोड नंबर नऊ, रोड नंबर चौदा एवढं म्हटलं की रिक्षावाल्याला पुरतं. लोखंडाचं काम, केबल, यंत्रांचे सुटे भाग अशा मालाचे हे कारखाने. शेजारी मुरलीपुरा, झोटवाडा, विद्याधरनगर या वस्त्या. कारखान्यांतले सुपरवायझर, फोरमन, हिशेबनीस आणि छोटे मालक यांची घरं तिथेच. त्यात देशभरातून आलेली माणसं आहेत, तशी पुण्या-सांगलीकडून आलेली मराठी कुटुंबंही आहेत.

हाच सीकर रोड पुढे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर सीकरला जातो. कोट्याच्या खालोखाल नाव घेतलं जातं असं हे क्लासेसचं गाव. आणखी पुढे झुंझुनू जिल्ह्यात पिलानी. तेव्हा या रस्त्यावर राहणाऱ्या आईबापांनी चहाच्या कपाबरोबर प्रवेशाचा विषय काढला, तर नवल ते काय!

वाद कशावरून पेटतो?

आरक्षण, क्लासची फी, फुटलेले पेपर यावर बोलणं होतंच. पण खरी ठिणगी पडते ती 'आमच्या राज्याच्या जागा' या शब्दांवर. इथल्या पालकाचं म्हणणं सरळ असतं. कॉलेज राजस्थान सरकारच्या पैशानं चालतं, सवाई मानसिंग वैद्यकीय कॉलेजात शिकलेला डॉक्टर उद्या बाडमेर-जैसलमेरकडे जायला हवा, मग जागा आमच्या मुलांना नकोत का? बाहेरून आलेल्या पालकाचा सवालही तेवढाच सरळ. देश एक, परीक्षा एक, तर मुलाच्या कपाळावर राज्याचा शिक्का कशाला? कर तर आम्हीही इथेच भरतो.

हा वाद आजचा नाही. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याला इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय कॉलेजात जागा मिळाली, पण मध्यभारताबाहेरचा म्हणून त्याच्याकडून कॅपिटेशन फी मागण्यात आली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५५ साली हरला. जन्मस्थान वेगळं आणि रहिवास वेगळा, रहिवासावरून राज्याला भेद करता येतो, असं बहुमतानं ठरलं. पुढे १९८४ मध्ये डॉ. प्रदीप जैन खटल्यात न्यायालयानं राज्यांचा हात थोडा आखडला. सगळ्याच जागा आपल्या माणसांसाठी राखता येणार नाहीत, काही जागा देशभरच्या मुलांना खुल्या हव्यात, असं सांगितलं. १९८६ मध्ये हा खुला वाटा १५ टक्क्यांवर स्थिरावला. सरकारी वैद्यकीय कॉलेजांत आज ८५ टक्के जागा राज्याच्या आणि १५ टक्के देशाच्या, ही वाटणी तिथूनच आलेली.

राज्यांतर्गतही हीच भांडणं होती, बरं का! महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाला विभागवार ७०:३० चं सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. आपल्याकडे कॉलेजं कमी, मग आम्ही जायचं कुठे, असा मराठवाड्यातल्या पालकांचा आक्षेप होता. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं.

एक मुलगी, तीन अर्ज

नियम कागदावर वाचून कळत नाहीत, घरात आणून पाहिले की कळतात. समजा, सातारा जिल्ह्यातलं एक कुटुंब आहे. वडिलांनी पुण्यातला कारखाना सोडून विश्वकर्मात नोकरी धरली, तेव्हा मुलगी आठवी संपवून नववीत जाणार होती. दहावी आणि बारावी दोन्ही तिनं जयपूरच्या शाळेतून केल्या. अभ्यासात हुशार. इंजिनिअरिंग आणि मेडिकल, दोन्हीकडचे अर्ज भरते आहे.

पहिला अर्ज एन.आय.टी.साठी. १९५९ नंतर केंद्र आणि राज्यांनी मिळून रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजं काढली, त्यांचीच पुढे एन.आय.टी. झाली. जयपूरचं मालवीय कॉलेज १९६३ चं, नागपूरचं विश्वेश्वरय्या १९६० चं. सुरुवातीपासूनच निम्म्या जागा त्या राज्याच्या, आणि तो निम्मा वाटा आजही आहे. पण 'त्या राज्याचा' कोण? इथे रहिवासाचा दाखला कुणी विचारत नाही. बारावी जिथून पास, ते तुमचं राज्य! तेव्हा आपली ही सातारकर मुलगी या अर्जात पक्की राजस्थानी ठरते. मालवीयमधल्या निम्म्या जागांवर तिचा हक्क, नागपूरच्या निम्म्या जागांवर नाही. मार्क वाढवायला तिनं पुढच्या वर्षी पुण्यातून परीक्षा दिली, तरी आधी पास झाल्याचं राज्यच धरलं जातं.

दुसरा अर्ज महाराष्ट्राच्या सी.ई.टी.चा. तिथे नियम सैल आहे. मुलगी बाहेर शिकलेली असली, तरी आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्याचा दाखला असेल, तर तिला महाराष्ट्राची उमेदवार म्हणून धरतात. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठीही असंच एक वेगळं दार ठेवलेलं आहे. म्हणजे या अर्जात ती मराठी.

तिसरा अर्ज मेडिकलचा, आणि इथे खरी कोंडी होते. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत यायचं तर अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या हव्यात. त्या झाल्या जयपूरला. राजस्थानच्या ८५ टक्क्यांसाठी तिथला 'मूल निवास' दाखला लागतो, आणि त्याला साधारण दहा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. तिची झाली चार. म्हणजे डॉक्टर होण्यापुरती ती कुठल्याच राज्याची नाही! उरले ते देशभराचे १५ टक्के, एम्ससारख्या केंद्राच्या संस्था आणि न परवडणारी खाजगी कॉलेजं. नीटमध्ये तिच्याहून कमी गुण असलेली तिची साताऱ्यातली मैत्रीण सरकारी कॉलेजात जाऊ शकते, जयपुरातली वर्गमैत्रीणही जाऊ शकते. हिला मात्र थांबावं लागतं.

जातीच्या दाखल्याचं कोडं आणखी निराळं. तो वडिलांच्या मूळ राज्याचा. केंद्राच्या संस्थांत तो चालतो, पण बदलून आलेल्या राज्याच्या कोट्यात नाही. आंध्रातल्या अनुसूचित जमातीच्या एका मुलाच्या बाबतीत हेच घडलं. वडिलांची खत कारखान्यात नोकरी, म्हणून मुलगा लहानपणीच मुंबईला आला. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय कॉलेजात त्यानं राखीव जागा मागितली. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आंध्रात तो अनुसूचित जमातीचा आहे, महाराष्ट्रात नाही. माणसाबरोबर सामान येतं, भाषा येते, पण हा हक्क हद्दीवरच उतरतो.

सवलत कुणाला?

या नियमांना अपवाद आहेत. पण ते कुणासाठी आहेत, हे नीट पाहायला हवं. आसामनं सातवी ते बारावी तिथेच शिकण्याची अट घातली, ती २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केली. तेलंगणाची नववी ते बारावी सलग चार वर्षांची अट सप्टेंबर २०२५ मध्ये कायम झाली. सरन्यायाधीश होते आपले अमरावतीचे भूषण गवई. राज्य सरकारच्या, तिथल्या केडरच्या अखिल भारतीय सेवांतल्या आणि सैन्यातल्या माणसांची मुलं बदलीमुळे बाहेर शिकली, तर त्यांना सूट देण्याचं तेलंगणानं स्वतःच कबूल केलं होतं. महाराष्ट्रातही सरकारी बदलीवाल्यांच्या मुलांचा विचार झालेला दिसतो.

खाजगी कारखान्यातल्या सुपरवायझरचं काय? त्याला कुणी बदलीचा हुकूम काढत नाही. इकडचा कारखाना बंद पडतो, तिकडे हजार रुपये जास्त मिळतात, आणि तो बिऱ्हाड हलवतो. नियम करणाऱ्याच्या लेखी ती 'स्वेच्छा'. पोट भरायला परगावी जाणं ही स्वेच्छा म्हणायची असेल, तर गिरणगावात आलेला प्रत्येक कोकणी माणूस हौसेनंच आला होता म्हणायचं!

स्थानिक पालकाची तक्रारही मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. बारावीवरून राज्य ठरतं म्हटल्यावर कोट्याला क्लाससाठी येणारी परराज्यांतली मुलं इथल्याच शाळेतून बारावी देतात आणि मालवीयच्या राजस्थानी जागांवर हक्क सांगतात. अनेकदा ही शाळा नावापुरतीच. मूल क्लासमध्ये, हजेरी शाळेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सी.बी.एस.ई.नं अशा २१ शाळांची मान्यता काढून घेतली. त्यातल्या १६ दिल्लीतल्या होत्या आणि ५ राजस्थानातल्या, कोटा आणि सीकरकडच्या. दोन वर्षांसाठी आलेला मुलगा राजस्थानी ठरतो आणि चार वर्षं इथे राहिलेली मुलगी मेडिकलला परकी ठरते, यात तर्क शोधू गेलं तर हाती लागत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चंदीगडच्या खटल्यात पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरचं रहिवासाचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. तज्ज्ञ डॉक्टर घडवताना गुणच बघायचे, असा त्याचा रोख. एम.बी.बी.एस.च्या पातळीवर मात्र राज्याचा वाटा राहिला. म्हणजे बारावीच्या मुलीला या निकालानं काहीच मिळालं नाही.

राज्य न विचारणारी दारंही आहेत. आय.आय.टी.त राज्याचा कोटा नाही. पिलानीच्या बिट्समध्येही नाही. तिथे २००४ पर्यंत वेगवेगळ्या बोर्डांचे बारावीचे मार्क एका पातळीवर आणून प्रवेश देत, २००५ पासून स्वतःची परीक्षा आली. फी मात्र फोरमनच्या पगारात बसणारी नाही.

दोन चुली

मग करतात काय लोक? घर दोन ठिकाणी मांडतात. वडील विश्वकर्मात खोली घेऊन डबा खातात, आई मुलीला घेऊन पुण्याला किंवा सासरच्या गावी जाते. दहावीही महाराष्ट्रातूनच हवी, म्हणजे निदान तीन-चार वर्षं. दोन भाडी, दोन गॅस. धाकटा भाऊ कुणाकडे ठेवायचा, हा प्रश्न वेगळाच. आईची जयपुरातली शिकवणी किंवा शिलाईकाम सुटतं, ते हिशेबात कुणी धरत नाही. मुलासाठी ज्या घरात हे सहज होतं, तिथेच मुलीची वेळ आली की 'एवढं काय डॉक्टरच व्हायला हवं?' असा सूर निघतो. हे सगळं तेरा-चौदा वर्षांच्या पोरीच्या इच्छेवर ठरवायचं. दोन वर्षांनी तिला चित्रकला आवडायला लागली, तर?

म्हणून परप्रांतात राहणाऱ्या पालकांनी मूल सातवीत असतानाच कागद काढून बसावं. आपण महाराष्ट्राचा अधिवास दाखला काढू शकतो का? त्याला रेशनकार्ड, शेताचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, काय काय आहे? जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी गावाकडेच व्हायची, तर पुढच्या सुट्टीत दोन दिवस तहसील कचेरीसाठी राखावेत. जयपुरात दहा वर्षं होत आली असतील, तर भाडेकरार, विजेचं बिल, मतदार यादी, शाळेची प्रगतिपुस्तकं जपून ठेवावीत. आणि दरवर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. क्लासवाल्याच्या तोंडी हमीवर राहू नये. त्याला मुलाचा क्रमांक पाठ असतो, तुमचा रहिवास नव्हे.

एन.आय.टी.च्या फॉर्ममध्ये राज्याचा एक छोटासा रकाना असतो. बरीच मुलं तिथे गावाचं राज्य लिहून मोकळी होतात, कारण घरी आपण मराठी असंच ऐकलेलं असतं. त्या रकान्यात बारावीच्या शाळेचं राज्य लिहायचं असतं.