नारायणगुड्यातले हिमकण

ज्यांच्या घरी जुना, एका दाराचा फ्रिज आहे त्यांच्या घरी हिम आहे. ट्रेमधला बर्फ म्हणजे नुसतं गोठलेलं पाणी. त्याच्याबद्दल मी बोलत नाही. फ्रीझरच्या भिंतीवर जो पांढरा, भुसभुशीत थर चढतो तो खरा बघण्यासारखा. हवेतली वाफ पाणी न होता थेट घन होते आणि तो थर वाढतो. ढगात हिमकण वाढतो तोही याच रीतीने. आमच्या इमारतीतल्या मुलांना हे दाखवायचं ठरवलं, तर घरोघरी फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आलेले. सोय झाली खरी, पण एक चांगली प्रयोगशाळा गेली.

हैदराबादच्या नारायणगुड्यात बर्फ पडणं शक्यच नाही. जानेवारीत इथलं पहाटेचं सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास असतं, आणि हैदराबादची नीचांकी नोंद ६.१ अंशांची, जानेवारी १९४६ मधली. तरी डिसेंबर आला की शाळांच्या फलकांवर कापसाचे ढिगारे आणि कागदी ‘स्नोफ्लेक्स’ लागतात. त्या कागदी चांदण्या बहुतेक आठ हातांच्या असतात. कागद अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात दुमडला की आठच हात येणार. हिमकणाला मात्र सहा हात असतात. कधी बारा सापडतात, आठ नाहीत. कागद एकदा अर्धा दुमडून मग त्याच्या तीन सारख्या घड्या घातल्या तर सहा हात येतात. फरक एका घडीचा आहे, पण तो न सांगता मुलांकडून हिवाळा ‘करून घेणं’ मला पटत नाही.

इमारतीतल्या मुलांसोबत आम्ही सुरुवात स्टीलच्या फुलपात्रापासून केली. त्यात कुटलेला बर्फ भरला, वर मूठभर खडेमीठ घालून ढवळलं. पॉटमधलं आइस्क्रीम ज्यांनी हाताने फिरवलंय त्यांना ही युक्ती ठाऊक असेल: मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि वितळताना लागणारी उष्णता त्या मिश्रणातूनच घेतो, म्हणून ते आणखी गार होतं. अगदी जमवून आणलं तर उणे २१ अंशांपर्यंत. फुलपात्राला बाहेरून आधी घाम सुटला, मग खालच्या बाजूने तो पांढरा व्हायला लागला. भिंग लावल्यावर दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. गोठलेले थेंब गोलच राहिलेले, आणि त्यांच्यावर नंतर उगवलेले बारीक, टोकदार काटे. थेंब हे गोठलेलं दव, काटे हे थेट वाफेतून आलेले. हा फरक मुलांनी आपण होऊन ओळखला तर निम्मा अभ्यास झाला असं मी समजते.

त्यातल्या एका मुलाला त्याच्या साताऱ्याच्या आजोबांनी महाबळेश्वरचा फोटो पाठवला होता, वेण्णा तलावाजवळचा, गाडीच्या टपावर पांढरा थर. वर्तमानपत्रं त्याला दरवर्षी ‘हिमकण’ म्हणतात. तो आकाशातून पडलेला नसतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन, पानं, गाडीचा पत्रा हवेपेक्षा जास्त गार होतात, त्यामुळे तापमापक शून्याच्या वर असतानाही दव गोठतं. सातपुड्यात डाबच्या पठारावरही थंडीत हेच घडतं. आजोबांचा फोटो आणि आमचं फुलपात्र शेजारी ठेवल्यावर हे समजावून सांगायला फार बोलावं लागलं नाही.

खरी मजा बाटलीत आली. त्यासाठी कोरडा बर्फ लागतो, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. लसी, औषधं, आइस्क्रीम पाठवणाऱ्यांना तो लागतो, त्यामुळे हैदराबादेत मिळवता येतो. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापायचा, त्यात ओला स्पंज टाचण्यांनी अडकवायचा, स्पंजातून गळाची नायलॉन दोरी ओवून खाली वजनाला जेम क्लिप लावायची. तळ परत बसवून बाटली उलटी करायची आणि थर्माकोलच्या खोक्यात तिच्याभोवती कुटलेला कोरडा बर्फ भरायचा. स्पंज वर, उबदार. तोंड खाली, गार. वाफ वरून खाली येते आणि मध्ये कुठेतरी दोरीवर जमायला लागते. दहाएक मिनिटांत ओरडा झाला, “काकू, दोरीला दाढी आली!”

दोरी नायलॉनची का, सुताची का नाही, हा प्रश्न आलाच. जपानमधल्या साप्पोरोत शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण वाढवला, त्याआधी त्यांचीही इथेच अडचण झाली होती. सुतावर सगळीकडूनच हिम फुटायचं, सुटा स्फटिक मिळायचा नाही. शेवटी सशाच्या केसाने काम केलं. मग त्यांनी तापमान आणि दमटपणा बदलत कोणता आकार केव्हा येतो ते नोंदवलं: उणे १५ च्या आसपास फांद्यांच्या चांदण्या, उणे ५ च्या आसपास सुया. ढगातून खाली येताना प्रत्येक कणाची वाट वेगळी, म्हणून त्याचा आकारही वेगळा.

आमच्या दोरीवर पूर्ण चांदणी आली नाही, येतही नाही. एक बाजू दोरीला चिकटलेली असते. दोन-तीन मुलं हिरमुसली. त्यांच्या डोळ्यांसमोर विल्सन बेंटलीचे फोटो होते. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या या शेतकऱ्याने १८८५ पासून पाच हजारांवर हिमकण टिपले, पण ते निवडून. निसर्गात मोडके, लंगडे कणच जास्त. आम्ही फांद्या मोजायचं सोडून कोन मोजले. कंपासपेटीतला कोनमापक बाटलीला लावला की मुख्य फांदी आणि तिची उपफांदी यांच्यात साधारण ६० अंश येतात. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी कड्यांत जोडलेले असतात, आणि षटकोनाचे कोपरे दमट हवेत पुढे आलेले, म्हणून वाफ त्यांना आधी मिळते. कोपरा वाढतो, वाढला की आणखी पुढे जातो. सहा हात येतात ते असे.

कोरडा बर्फ मुलांच्या हाती देऊ नका. जाड हातमोजे मोठ्यांनी घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि तो बंद डब्यात किंवा बाटलीत कधीही भरू नये, फुटते. उरलेला गच्चीवर उघडा ठेवला की आपोआप उडून जातो. तोवर जवळ कुणी मूल नको. एवढा खटाटोप नको असेल तर फुलपात्र, बर्फ, खडेमीठ आणि एक भिंग पुरे. पंखा तेवढा बंद करा.