नवे हातमोजे, जुनी बाटली: दातांच्या दवाखान्यातील संसर्गाविषयीचे गैरसमज

दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेला रुग्ण सहसा दोनच गोष्टी निरखून पाहतो: डॉक्टरांनी हातमोजे नवे घातले की नाही आणि सुई पाकीट फोडून काढली की नाही. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. मात्र त्या पूर्ण झाल्या म्हणजे दवाखाना सुरक्षित ठरला, हा समज निराधार आहे, कारण एकदा वापरून टाकून द्यायच्या वस्तू, ज्यांना बोलीत सरसकट ‘डिस्पोजल’ म्हटले जाते, त्या संसर्गनियंत्रणाचा केवळ डोळ्यांना दिसणारा भाग आहेत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०११च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी असून तिच्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. या आजारात प्लीहा लहान वयातच निकामी होत जाते आणि शरीराची जंतूंशी लढण्याची क्षमता घटते. त्यामुळे इतरांना चार दिवसांच्या सुजेवर सोडणारा संसर्ग अशा रुग्णाला तीव्र वेदनांच्या झटक्यापर्यंत नेऊ शकतो.

उपकरणे पाण्यात उकळली की ती निर्जंतुक होतात, हा सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट गैरसमज होय. उकळत्या पाण्यात बहुतेक जिवंत जंतू मरतात, परंतु काही जंतू प्रतिकूल परिस्थितीत टणक कवचाचे जे बीजाणू तयार करतात, त्यांच्यावर शंभर अंशांचा फारसा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी दाबाखालची वाफ लागते आणि ती देणाऱ्या यंत्राला ऑटोक्लेव्ह म्हणतात. त्यात १२१ अंश सेल्सिअसला १५ ते ३० मिनिटे, किंवा आतील हवा आधी खेचून घेणाऱ्या यंत्रात १३४ अंशांना तीन-चार मिनिटे, उपकरणे ठेवावी लागतात. सातपुड्यात या हिशेबात आणखी एक अडचण येते, जिचा विचार मैदानी भागात करावा लागत नाही. जिल्ह्यातील तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९६ अंशांनाच उकळते, आणि कुकरसारख्या साध्या ऑटोक्लेव्हच्या काट्यावर नेहमीचे १५ पौंड दिसत असले, तरी आतील तापमान १२१ अंशांच्या खालीच राहते. दर तीनशे मीटर उंचीमागे अर्धा पौंड दाब वाढवावा, हा यावरचा प्रचलित नियम असून तोरणमाळच्या उंचीवर तो वाढीव दाब जवळपास दोन पौंडांचा होतो. विजेचा पुरवठा मध्येच तुटला, तर ते चक्र पहिल्यापासून पुन्हा चालवावे लागते. उरलेली मिनिटे नंतर भरून काढण्याची सोय त्यात नाही.

निळ्या प्रकाशाची काचेची पेटीही रुग्णांना अशीच दिपवते. तिच्यातील अतिनील किरण फक्त समोरच्या पृष्ठभागावर पडतात. चिमट्याच्या सांध्यात, पोकळ नळीत किंवा खाली टेकलेल्या बाजूला ते पोहोचत नाहीत. त्यामुळे ही पेटी आधीच निर्जंतुक केलेली उपकरणे ठेवण्यापुरती ठीक आहे. स्पिरिटने पुसण्याचीही तीच गत आहे. दात कोरणारे यंत्र थांबते त्या क्षणी तोंडातील लाळ व रक्ताचा अंश त्याच्या आत ओढला जाऊ शकतो, तेव्हा ते बाहेरून कितीही पुसले तरी आतला भाग तसाच राहतो. प्रत्येक रुग्णानंतर तेही ऑटोक्लेव्हमध्येच जायला हवे. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे आतील वस्तू निर्जंतुक झाली, असेही मानले जाते. ती पट्टी पाकीट उष्णतेतून गेले एवढेच सांगते. यंत्र आपले काम खरोखर करते आहे की नाही, याची खात्री चिवट बीजाणूंची कुपी त्यात ठेवून आणि नंतर ते मेले की नाही हे तपासूनच होते, आणि ही चाचणी ठरावीक काळाने होत असल्याची नोंद हा दवाखान्याचा खरा दाखला होय.

तथापि सर्वाधिक घातक गैरसमज सुईविषयीचा आहे. सुई बदलली की सिरिंज पुन्हा वापरण्यास हरकत नाही, ही समजूत दातांपुरती मर्यादित नाही. दट्ट्या मागे येताना रक्ताचा सूक्ष्म अंश सिरिंजच्या नळीत शिरू शकतो, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि काविळीचा ‘ब’ विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. शेजारच्या गुजरातेत, तत्कालीन साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा परिसरात, २००९ साली याच विषाणूची मोठी साथ येऊन चाळीसहून अधिक माणसे दगावली, आणि तपासाचा रोख पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांकडे वळला. दातांच्या दवाखान्यात याला भुलीच्या औषधाच्या बाटलीची जोड मिळते. लिग्नोकेनची ३० मिलिलिटरची बाटली अनेक रुग्णांसाठी वापरली जाते, आणि एका रुग्णाला टोचलेली सिरिंज थोडी अधिक भूल हवी म्हणून पुन्हा बाटलीत बुडवली, तर पुढच्या रुग्णांसाठी पाकिटातून काढलेली कोरी सुईही दूषित औषधच ओढते. रुग्णाने सुई नवी असल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते आणि तरीही त्याची फसगत होते.

बाटलीचा हा धोका केवळ तर्काचा नाही. तमिळनाडूत २०२३च्या सुमारास मेलिऑइडोसिस या जिवाणूजन्य आजाराने मेंदू बाधित झालेले रुग्ण लागोपाठ आढळले. शोध घेता त्यांपैकी दहा जणांनी वाणियंबाडी शहरातील एकाच दवाखान्यात दातांचे उपचार घेतल्याचे दिसले, आणि त्या दहांपैकी आठ जण दगावले. संशोधकांचे बोट शेवटी सलाईनच्या बाटलीवर येऊन थांबले: ती हाडावरील आवरण सोडवण्याच्या उपकरणाने उघडली जात होती, बोळा लावून सैल झाकली जात होती आणि उरलेले द्रावण पुढच्या रुग्णांच्या जखमा धुण्यासाठी वापरले जात होते. काही रुपयांचे सलाईन वाचवण्याची ही काटकसर कोणत्याही हिशेबात बसत नाही.

हातमोज्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, ते धुऊन पुन्हा वापरता येत नाहीत, कारण साबणाने व स्पिरिटने त्यांना सूक्ष्म छिद्रे पडतात. आणि ते घातले म्हणून हात धुणे टळत नाही. त्याच हातमोज्यांनी मोबाइल उचलला किंवा खण उघडला, तर त्यांचे नवेपण तिथेच संपते.

‘एचआयव्ही किंवा काविळीचा रुग्ण असेल तेव्हाच विशेष काळजी घ्यावी’ हा समज रुग्णांइतकाच काही व्यावसायिकांमध्येही रुजलेला आहे. असंख्य बाधितांना आपल्या आजाराची कल्पनाच नसते, म्हणून प्रत्येक रुग्ण संसर्गक्षम आहे असे धरून सर्वांसाठी एकच पद्धत पाळणे हे शास्त्र आहे. आणि २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार बाधिताला उपचार नाकारणे हा बेकायदा भेदभाव ठरतो. संरक्षण उपचार करणाऱ्यालाही लागते: दूषित सुई टोचल्यास एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के असतो, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला ‘ब’ काविळीचा ६ ते ३० टक्के. भीती मात्र नेमकी उलट्या क्रमाने बाळगली जाते, आणि काविळीची लस सहज मिळत असूनही मदतनिसांना ती दिली गेली आहे का, हे क्वचितच विचारले जाते.

वापरलेली वस्तू टोपलीत पडली की धोका संपला, हाही भ्रमच आहे. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार रक्ताळलेला कापूस व काढलेले दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे व सुईविना सिरिंज लाल पिशवीत, सुया व पाती न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात जायला हव्यात, आणि रक्ताळलेला कापूस व दात यांसारखा कचरा सहसा ४८ तासांहून अधिक काळ साठवता येत नाही. नंदुरबार किंवा शहादा शहरात हे जमण्याजोगे आहे; सातपुड्यातील धडगावकडे जाणारा चांदसैली घाट मात्र पावसाळ्यात दरडी कोसळून बंद पडतो, आणि तेव्हा मागच्या खड्ड्यात सगळे पेटवून देण्याचा मोह होतो. क्लोरिनयुक्त प्लॅस्टिक असे उघड्यावर जळताना डायॉक्सिन हे विषारी घटक बाहेर पडतात. दुर्गम भागासाठी नियमांनी खोल पुरण्याची परवानगीने मिळणारी वाट ठेवली आहे, उघड्यावर जाळण्याची नाही. पिवळ्या पिशवीबाबतही एक अपवाद सहसा विसरला जातो: चांदी भरलेला दात तिच्यात टाकायचा नसतो, कारण त्या भरावात पारा असतो आणि भट्टीच्या उष्णतेत त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळते.