बागेतला समारंभ आणि दफ्तरातली अनामत

नगरातील उद्यान सर्वांचे असते हे विधान भाषणात जितके सुलभ वाटते तितके ते नगरपरिषदेच्या आवक-जावक विभागाच्या खिडकीपाशी वाटत नाही. कारण जे सर्वांचे आहे ते एका संध्याकाळपुरते कोणा एका मंडळाच्या, वाचनालयाच्या अथवा बचत गटाच्या स्वाधीन करावयाचे झाले म्हणजे उरलेल्या सर्वांच्या वतीने कोणीतरी काही प्रश्न विचारणे प्राप्त होते, आणि ते प्रश्न विचारण्याची जी रीत, तिलाच आपण परवानगी म्हणतो. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गावी या रीतीकडे लोक काहीशा संशयाने पाहतात. हा संशय निव्वळ आळसातून आलेला नाही. त्याला इतिहास आहे.

हा मुलूख 1948 सालापर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात सार्वजनिक सभा भरवावयाची म्हणजे ‘गश्ती निशाण 53’ या कुप्रसिद्ध परिपत्रकास तोंड द्यावे लागे. सरकारची इजाजत आगाऊ घ्यावी, सभेत राजकारण होणार नाही अशी अंमलदारांची खात्री पटवावी, आणि ती पटली नाही तर मंडप घातलेला असला तरी घरी जावे, असा तो मामला होता. परिणाम असा झाला की हैदराबाद संस्थानातील प्रजेच्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरू लागल्या: 1923 साली काकिनाड्यास, पुढे मुंबईस, पुण्यास आणि 1931 साली अकोल्यास. आपल्या घरच्या गाऱ्हाण्यासाठी शेजाऱ्याच्या ओट्यावर बसण्याचा हा प्रसंग होता. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 साली परतूरला आणि दुसरे 1938 साली लातूरला भरले, तेव्हा संस्थानाच्या भूमीवर मराठी माणसाला उघड्यावर एकत्र बसता आले. हे लातूर त्या वेळी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होते. ते वेगळे झाले 1982 साली.

आजची परवानगी ही त्या इजाजतीची वंशज नव्हे, निदान तिने असू नये. शांततेने व निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिलेला आहे, आणि हिंमतलाल शहा यांच्या अहमदाबादच्या खटल्यात 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन करता येईल, परंतु कोणतेही निकष न सांगता वाटेल तेव्हा नकार देण्याची मोकळी मुखत्यारी अधिकाऱ्याला देणारा नियम टिकणार नाही. माझ्या मते या विषयाची सारी मेख येथेच आहे. तुम्ही काय बोलणार, हा प्रश्न गश्तीचा होता; सभा संपल्यावर केर कोण काढणार, हा प्रश्न नगरपरिषदेचा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यात कोणत्याही स्वाभिमानी मंडळाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही, आणि दुसऱ्याच्या आडून पहिला विचारला जात असेल तर ते ओळखण्याइतके नागरिकाने सावध असावे.

व्यवहारात पहिली अडचण मात्र याहून साधी असते: जागा कोणाची? बाग नगरपरिषदेची असेल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जातो, कारण ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965’ याखाली नगराचा दैनंदिन कारभार त्यांच्याकडे आहे. पण गावातील मोठी मैदाने पुष्कळदा जिल्हा परिषदेच्या शाळांची असतात, क्रीडा संकुलाचा कारभार जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे असतो, आणि एखादा मोकळा तुकडा महसूल खात्याचा निघतो, तेव्हा नगरपरिषदेत पंधरा दिवस पडून राहिलेली दरख्वास्त ‘सदर जागा आमच्या मालकीची नाही’ एवढ्या शेऱ्यानिशी परत येते. म्हणून अर्जापूर्वी मिळकत पत्रिका पाहावी. अर्जात दिनांक, वेळ, अपेक्षित गर्दी, मंडपाचे मोजमाप आणि जबाबदार इसमाचे नाव लिहावे व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. एकाच तारखेवर दोघांनी हक्क सांगितला की तंटा बहुधा त्या क्रमांकावरच मिटतो.

मग पैशाचा भाग येतो, आणि येथे भाडे व अनामत यांची गल्लत फार होते. भाडे हे वापराचे मोल. ते गेले ते गेले. अनामत ही ठेव आहे, ती नगरपरिषदेच्या हिशेबात उत्पन्न नसून देणे असते, आणि नुकसान झाले नसेल तर ती पूर्ण परत मिळावयास हवी. दोन्ही रकमांची पावती वेगवेगळी मागावी. परंतु पावतीहूनही मोलाची गोष्ट म्हणजे पाहणी: समारंभाच्या आदल्या दिवशी माळ्याला किंवा उद्यान निरीक्षकाला बरोबर घेऊन बागेत फिरावे, मोडलेले बाक, फुटलेली फरशी, वाकलेले कुंपण टिपून दोघांनी सह्या कराव्यात, छायाचित्रे काढावीत, आणि समारंभानंतर तोच पंचनामा पुन्हा करावा. ज्या गावात हे होत नाही तेथे जुन्या मोडक्या बाकाचे पैसे दर समारंभाच्या अनामतीतून कापले जाण्याचा संभव असतो, आणि बाक तसाच राहतो.

हिरवळीचा हिशेब आमच्याकडे अधिकच कडक असावा असे मला वाटते. हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. धाराशिव शहर दूरच्या उजनी धरणाच्या पाण्यावर विसंबून आहे, आणि उन्हाळ्यात तेथून आलेल्या पाण्यावर जगवलेल्या हिरवळीत मंडपाचे खांब रोवून, वर चुलाण पेटवणे हा गैरवापराचाच प्रकार होय. हिरवळीसाठी परवानगी नाकारणे हा काही दुष्काळी भागाचाच कंजूषपणा नाही: 2004 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युद्धविरोधी विराट सभा भरवू पाहणाऱ्यांना तेथील प्रशासनाने गवत तुडवले जाईल याच कारणाने नकार दिला होता. ते कारण खरे की सोयीचे, यावर तेथेही पुष्कळ वाद झाला. सोयीचे कारण आणि खरे कारण यांची चेहरेपट्टी फार सारखी असते.

बागेचा परवाना मिळाला म्हणजे ध्वनिक्षेपकाचा मिळाला असे नव्हे. तो पोलीस ठाण्यातून वेगळा घ्यावा लागतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातील जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस आधी जाहीर होतात. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीचे किमान 100 मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र होऊ शकते, आणि जुन्या गावात या तिन्हींपासून दूर असलेली बाग शोधून काढणे सोपे नसते. तात्पुरती वीजजोडणी महावितरणकडून. उत्सवासाठी वर्गणी काढणार असाल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची मंजुरी. चार खिडक्या, चार अर्ज, आणि प्रत्येक खिडकीला दुसरीचे ना-हरकत पत्र आधी हवे असते.

मोठ्या शहरात हेच प्रकरण किती ताणले जाते ते दादरच्या शिवाजी पार्कवरून दिसते. 1925 साली ‘माहीम पार्क’ म्हणून खुले झालेले आणि अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने 1927 साली शिवछत्रपतींचे नाव लाभलेले हे मैदान 2010 साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र ठरले, आणि खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांना पुढे शासनाने वर्षाकाठी 45 दिवसांची मर्यादा घातली. 2022 साली एकाच दसरा मेळाव्यासाठी शिवसेनेच्या दोन गटांनी अर्ज केले, तेव्हा महापालिकेने कायदा व सुव्यवस्थेचे कारण देऊन दोघांनाही नकार दिला. उच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर रोजी तो नकार रद्द करून उद्धव ठाकरे यांच्या गटास परवानगी दिली. नकार देणे हा अधिकाऱ्याला नेहमीच सर्वांत निर्धोक मार्ग वाटतो.

आमच्याकडच्या छोट्या मंडळांना उच्च न्यायालय परवडणारे नाही. त्यांनी नकार मिळाल्यास तो लेखी व सकारण मागावा, तोंडी ‘साहेब नाही म्हणाले’ यावर समाधान मानू नये. कारण वरिष्ठांकडे दाद मागावयाची तर हाती कागद लागतो. समारंभ पार पडल्यावर खजिनदाराने दुसऱ्या पंचनाम्याची प्रत व मूळ पावती जोडून, मंडळाच्या बँक खात्याचा तपशील देऊन, त्याच आठवड्यात परताव्याचा अर्ज करावा. पुष्कळ मंडळे हा अर्जच करीत नाहीत, आणि पुढच्या वर्षी नवा खजिनदार नवी अनामत भरतो.