दवाखान्यात चढणारा रक्तदाब

करोंद मंडीत एका मुठीच्या गव्हावरून सबंध पोत्याचा भाव ठरत नाही. परखी अनेक ठिकाणी घालावी लागते. रक्तदाबाचेही तसेच आहे. डॉक्टरांपुढे बसताच कित्येकांचा दाब चढतो व घरी आल्यावर उतरतो. १९८३ साली इटलीतील मान्चिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, डॉक्टर खाटेजवळ येताच रुग्णांचा वरचा दाब सरासरी सुमारे २७ अंकांनी वाढला.

दवाखान्यात १४०/९० वा अधिक, परंतु घरची सरासरी १३५/८५ हून कमी, अशा प्रकृतीस पुष्कळदा औषध लागत नाही. अकारण गोळ्यांनी दाब फार उतरून भोवळ येण्याचे भय असते. म्हणून सात दिवस सकाळ-सायंकाळ, पाच मिनिटे स्वस्थ बसून, दंडाच्या यंत्राने दोन-दोन वेळा दाब मोजावा व आकडे जसेच्या तसे लिहावेत. शंका राहिल्यास चोवीस तासांची यंत्रमापणी करवावी.

तथापि निर्धास्त राहू नये. अशांपैकी काहींचा दाब पुढे कायमचा वाढतो. म्हणून मीठ कमी करावे, रोज चालावे, दरवर्षी तपासणी करावी. चालू गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सोडू नयेत. रोजकीर्दीइतकीच प्रामाणिक ही नोंदवही डॉक्टरांपुढे ठेवावी, निर्णय त्यांचा.